तीन निकष नेमके काय सिद्ध करतात? – एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. अस्थिमज्जा, मेद, नाळ अशा ऊतींतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशींना सरसकट मूलपेशी (स्वतःसारख्या आणि इतर प्रकारच्याही पेशी निर्माण करू शकणाऱ्या पेशी) म्हणता येणार नाही, या माझ्या विधानाला आपला आक्षेप आहे. इंटरनॅशनल सोसायटी फॉर सेल्युलर थेरपी या संस्थेने २००६ मध्ये तीन निकष ठरवून दिले आहेत, या पेशी ते पूर्ण करतात आणि रुग्णांना त्यांचा उपयोगही होतो. मग शंकेला जागा कुठे उरते, असे आपण विचारता.

ते निकष मलाही मान्य आहेत. पेशी प्लॅस्टिकच्या बशीला चिकटून वाढाव्यात. किमान ९५ टक्के पेशींवर सीडी ७३, सीडी ९० व सीडी १०५ ही पृष्ठभागावरील ओळखचिन्हे ठरणारी प्रथिने असावीत आणि सीडी ४५, सीडी ३४ यांसारखी रक्तवंशाची चिन्हे २ टक्क्यांहून अधिक पेशींवर नसावीत. आणि योग्य द्रव्ये दिल्यावर प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, मेद व कूर्चा यांच्या पेशी तयार व्हाव्यात. मात्र हे निकष ठरले ते वेगवेगळ्या प्रयोगशाळांमधील पेशींची एकमेकींशी तुलना करता यावी म्हणून. याच संस्थेने २००५ मध्ये या पेशींना ‘स्ट्रोमल’ (आधारऊतीतील) म्हणावे आणि ‘मूलपेशी’ ही संज्ञा तसा पुरावा असलेल्या पेशींसाठीच राखावी, अशी शिफारस केली होती. म्हणजे ज्या संस्थेचा आधार आपण घेता, तिनेही या निकषांना मूलपेशीपणाचा पुरावा मानलेले नाही.

त्वचेतील साधे फायब्रोब्लास्टही (संयोजी ऊतीच्या सामान्य पेशी) प्लॅस्टिकला चिकटतात आणि त्यांच्यावरही हीच तीन प्रथिने आढळतात. शिवाय ही चिन्हे परिस्थितीनुसार बदलतात: मेदातून नुकत्याच काढलेल्या पेशींवर सीडी ३४ असते व संवर्धनात ते ओसरते, तर इंटरफेरॉन गॅमा हे प्रतिकारयंत्रणेचे संदेशक प्रथिन दिल्यावर एरवी नसलेले एचएलए-डीआर हे पृष्ठभागावरील प्रथिन दिसू लागते.

तिसरा निकष सर्वांत भक्कम वाटतो, पण खरी मेख तिथेच आहे. बशीत लाखो पेशी असतात. त्यांतल्या काही हाडाकडे, काही मेदाकडे आणि काही कूर्चेकडे वळल्या, तरी तिन्ही चाचण्या यशस्वी ठरतात. एकाच पेशीत तिन्ही क्षमता होत्या, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकेका पेशीपासून स्वतंत्र वसाहत वाढवावी लागते, आणि अशा वसाहती तपासल्या तेव्हा काहींमध्येच तिन्ही क्षमता आढळल्या, इतरांमध्ये एखाद-दुसरीच. शिवाय मूलपेशीने स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करायला हवी, तीही शरीराच्या आत. या स्वनूतनीकरणाचा तिन्ही निकषांत उल्लेखही नाही.

अस्थिमज्जेतील या पेशींचे आरंभीचे संशोधक अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांच्या कामाचे मोल मला याच कारणासाठी फार वाटते. बशीत वाढणाऱ्या अस्थिमज्जेच्या वसाहती पाहून ते थांबले नाहीत. त्या पेशी प्राण्यांच्या शरीरात रोपून त्यांपासून हाड तयार होते का, हे त्यांनी तपासले. पुढे २००७ मध्ये मानवी मज्जेतील सीडी १४६ असलेल्या पेशी प्रतिकारशक्ती क्षीण केलेल्या उंदरांच्या त्वचेखाली रोपण्यात आल्या. तिथे हाड तयार झाले, त्यात उंदराच्या रक्तपेशींची निर्मिती सुरू झाली आणि त्या रोपातून पुन्हा वसाहत करू शकणाऱ्या मानवी पेशी मिळाल्या. त्यामुळे मज्जेत अस्थिवंशाच्या खऱ्या मूलपेशी आहेत, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण तो पुरावा त्या पेशींचा आहे. मेदातून किंवा नाळेतून काढलेल्या पेशींना तो केवळ निकष जुळले म्हणून लागू होत नाही.

उपचारांतील उपयोगाचा आपला मुद्दा खरा आहे, पण त्यातून आपला निष्कर्ष निघत नाही. शिरेतून दिलेल्या या पेशींपैकी बहुतांश फुफ्फुसांत अडकतात व थोड्या दिवसांत नाहीशा होतात. त्यांचा परिणाम होतो तो प्रामुख्याने त्यांनी स्रवलेल्या रेणूंमुळे आणि प्रतिकारक्षमतेवरील प्रभावामुळे. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मज्जेतील अशाच पेशींपासून बनवलेल्या औषधाला मान्यता मिळाली, तीही मज्जारोपणानंतर रोपातील प्रतिकारपेशी बालरुग्णाच्या ऊतींवर हल्ला करतात आणि स्टिरॉइडने आराम पडत नाही, अशा स्थितीसाठी. झिजलेली ऊती नव्याने घडवण्यासाठी नव्हे. १९९१ मध्ये ‘मेसेन्कायमल मूलपेशी’ हे नाव रूढ करणारे अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते बदलण्याचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी.

म्हणून कोणताही दावा वाचताना पेशी कोणत्या ऊतीतून घेतल्या आणि मूलपेशीपणाचा स्वतंत्र पुरावा दिला आहे का, हे मी आधी पाहतो. त्याच संस्थेने २०१९ मध्ये संशोधकांकडे केलेली मागणीही हीच आहे.