दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: आय७, बॅटरी आणि २१,५०० रुपयांचा हिशेब

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार मिळाल्याचं वाईट वाटलं, पण लॅपटॉप चांगला असताना तुमच्या घरात तो ‘फसवून दिलेला’ म्हणून वापरला जातोय, याचं जास्त वाईट वाटलं. मुलाच्या शिक्षणासाठी जमवलेल्या पैशांतून घेतलेली वस्तू आहे. म्हणून दोन ओळींत ‘सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स’ न टाकता नीट उत्तर देतो.

हे उद्या आणखी कुणी वाचेल, तेव्हा आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या आमच्या दुकानातून तुम्ही बीकॉमला गेलेल्या मुलासाठी डेलचा लॅटिट्यूड ७४९० हा वापरलेला लॅपटॉप घेतलात. आय५ प्रोसेसर, आठवी जनरेशन (म्हणजे पिढी), ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, किंमत २१,५०० रुपये. महिन्याभराने भाच्याने सांगितलं की याच रस्त्यावर १६,००० रुपयांत आय७ मिळतो, तोही १ टीबीचा. शिवाय बॅटरी साडेतीन तासच टिकते, चार्जिंगला अख्खी दुपार जाते, झाकणावर ओरखडा आहे. आम्ही पैसे परत करायला तयार नाही, म्हणजे ‘जुना माल महागात गळ्यात मारला’, असं तुम्ही लिहिलंत.

आधी त्या आय७ बद्दल, कारण सगळा राग तिथूनच सुरू झालेला दिसतो.

भाच्याने सांगितलेलं मशीन मला माहीत आहे. म्हणजे तेच नव्हे, पण त्या किमतीत त्या वर्णनाचं जे मिळतं ते बहुतेक वेळा सहाव्या जनरेशनचं असतं. प्रोसेसरचं नाव स्टिकरवर अर्धंच असतं. पूर्ण नाव ‘आय७-६६००यू’ असं काहीतरी असतं, आणि त्यातला मधल्या आकड्यातला पहिला ६ म्हणजे जनरेशन. हा २०१५ चा प्रोसेसर, आत कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) दोन. तुमच्या मुलाच्या मशीनमध्ये आय५-८३५०यू आहे, २०१७ चा, आणि त्यात कोअर चार. इंटेलने पातळ लॅपटॉपच्या आय५ला चार कोअर दिले ते आठव्या जनरेशनपासून. त्यामुळे ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, बाजूला एक्सेल आणि मागे ऑनलाइन लेक्चर असं एकदम चालू असेल, तर जुना आय७ आधी धापा टाकतो. सात हा आकडा पाचापेक्षा मोठा आहे खरा, पण जनरेशन न विचारता तेवढ्यावर पैसे मोजू नका, हे मी काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तुम्हालाही सांगितलं होतं. तेव्हा गर्दी होती, एका कानाने ऐकून राहून गेलं असेल, ते मी समजू शकतो.

वेगापेक्षाही मोठा मुद्दा विंडोजचा आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे (सातव्यातले मोजके अपवाद सोडले तर), आणि त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. सहाव्या जनरेशनच्या मशीनवरही विंडोज ११ टाकून देणारे आहेत. ही तपासणी चुकवून इन्स्टॉल करता येतं, दुकानात सुरू करून दाखवलं की गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. तुमचा मुलगा त्याच लॅपटॉपवरून कॉलेजची फी भरणार, उद्या सीएच्या आर्टिकलशिपला (प्रशिक्षणाला) लागला तर लोकांचे रिटर्न भरणार. त्याच्या हातात असं मशीन देणं मला पटत नाही. म्हणूनच सहावी आणि सातवी जनरेशन मी काउंटरवर ठेवणं बंद केलं. स्वस्तात येतात, पटकन खपतात, मार्जिनही चांगलं सुटतं, तरी बंद केलं.

आता १ टीबी. ती हार्ड डिस्क असते, आत फिरणारी चकती असलेली. लॅपटॉप सुरू करून बाजूला चहा ठेवावा लागतो तो तिच्यामुळे. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही, म्हणून ती कित्येक पट वेगाने चालते आणि रोज लोकलच्या धक्काबुक्कीत बॅग आपटली तरी तिला त्याचं फारसं काही वाटत नाही. हिशेबाचं टॅली, एक्सेल, नोट्सच्या पीडीएफ हे सगळं २५६ जीबीत आरामात मावतं. घरातले लग्नाचे व्हिडिओ त्यात भरायचे असतील तर बाहेरून जोडायची डिस्क घ्या, त्यासाठी रोजचं मशीन मंद करू नका.

बॅटरीबद्दल मात्र सविस्तर बोलू या, कारण तिथे तुमचं म्हणणं वरवर बरोबर दिसतं.

तुमचं बिल काढून बघा. खाली डाव्या कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहिलंय: ‘बॅटरी ४६,८०० / ६०,००० = ७८%’, आणि शेजारी तुमची सही आहे. ६०,००० मिलीवॉट-अवर ही बॅटरी नवी असतानाची क्षमता, ४६,८०० ही विक्रीच्या दिवशीची. हे आकडे माझ्या मनाचे नाहीत. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport) ही आज्ञा इंग्रजीत टाईप केली की लॅपटॉप स्वतःच रिपोर्ट बनवून देतो. तुमच्यासमोर तो उघडला होता. मुलाला घरी पुन्हा काढायला सांगा. महिन्याभरात आकडा फार घसरला असेल तर ती आमची जबाबदारी, वॉरंटीत बॅटरी बदलून देईन.

आता साडेतीन तासांचा हिशेब. वाचन-लेखन चालू असेल तर हे मशीन साधारण ८-९ वॉट खातं, म्हणजे पाच तास निघतात. ब्राइटनेस पूर्ण ठेवून सलग व्हिडिओ लावला तर खर्च १३ वॉटच्या आसपास जातो, आणि ४६.८ वॉट-अवरला (म्हणजेच ४६,८०० मिलीवॉट-अवरला) १३ ने भागलं की साडेतीनच्या आसपासच येतात. म्हणजे बॅटरी तिच्याकडे आहे तेवढं पुरेपूर देतेय. ब्राइटनेस निम्म्यावर आणून बघा, फरक त्याच दिवशी कळेल.

त्या दिवशी नवी बॅटरी टाकून देऊ का, असं मी विचारलं होतं. ३,२०० रुपये जास्त लागतील म्हटल्यावर तुम्ही ‘राहू दे, घरीच वापरणार आहे’ म्हणालात. निर्णय योग्य होता, मी आजही तेच सुचवीन. ‘नवी बॅटरी टाकलीय’ असं सांगून विकलेल्या कित्येक मशीनमध्ये हलक्या दर्जाची डुप्लिकेट असते, पहिले काही महिने छान चालते आणि मग फुगते. फुगलेली बॅटरी खालून टचपॅड वर उचलते, क्लिक कडक होतं. असं कधी दिसलं तर मशीन लगेच बंद करायचं, चार्जिंगला लावायचं नाही आणि दुकानात आणायचं. ७८ टक्क्यांची कंपनीची मूळ बॅटरी अशा डुप्लिकेटपेक्षा मला केव्हाही परवडते.

आणि चार्जिंग! तुम्ही रिव्ह्यूसोबत जो फोटो टाकलाय, तो मोठा करून पाहा. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला मोबाइलचा पांढरा चार्जर लावलेला दिसतोय. आम्ही दिलेला ६५ वॉटचा गोल पिनचा काळा अडॅप्टर फोटोत कुठेच नाही. मुलाने एकच चार्जर बॅगेत ठेवायची सोय बघितली असणार, आजची मुलं असंच करतात. पण मोबाइलचा चार्जर २०-२५ वॉट देतो, त्यातले बरेचसे चालू लॅपटॉपच खातो, उरलेल्यावर बॅटरी भरत बसते, कधी कधी भरतच नाही. काळा अडॅप्टर लावून एकदा बघा. टाइप-सीच हवा असेल तर ६५ वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर घ्या, मोबाइललाही तोच चालेल.

ओरखड्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो घेताना होता, बिलावर ‘बी ग्रेड’ लिहिलंय, आणि तसाच बिनओरखड्याचा पीस १,५०० रुपयांनी महाग शेजारीच ठेवला होता. रोज वापरायच्या मशीनसाठी झाकणाच्या चकाकीला पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग १६,००० आणि २१,५०० मधला फरक गेला कुठे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. हे लॅपटॉप कंपन्यांच्या ऑफिसांतून तीन-चार वर्षांच्या वापरानंतर लॉटने येतात. आल्यावर आधी बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड आहे का आणि मशीन अजून जुन्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं आहे का, हे बघावं लागतं. नोंद राहून गेली असेल तर विंडोज नव्याने टाकताना इंटरनेट मिळताच ते जुन्या कंपनीचं लॉगिन मागतं आणि पुढे जातच नाही. असे पीस आम्ही परत पाठवतो. मग मागचं कव्हर उघडून पंखा साफ करायचा, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी, वाळलेली थर्मल पेस्ट काढून नवी लावायची. तुमच्या मशीनमध्ये एसएसडी नवीन टाकलीय, तिचं वेगळं बिल पाकिटात आहे. वर सहा महिन्यांची वॉरंटी, आणि ती माझ्याच दुकानाची असल्यामुळे काही झालं तर तुम्हाला दुसरीकडे फिरावं लागत नाही. रॅमचे दोन स्लॉट आहेत, पुढे ८ जीबी कमी पडली तर बदलता येते. ही सोय बऱ्याच नव्या पातळ लॅपटॉपमध्ये नसते, तिथे रॅम बोर्डालाच जोडलेली येते.

दुसरीकडून घेणाऱ्यांनाही एक सांगतो, माझ्याकडून नाही घेतलंत तरी चालेल. पैसे द्यायच्या आधी मशीन उलटं करून तळाचे स्क्रू बघा. आपल्या मुंबईच्या दमट हवेत आणि खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या किंवा पाणी सांडलेल्या मशीनचे स्क्रू गंजलेले असतात, पोर्टच्या कडांना हिरवट थर दिसतो. बाहेरून कितीही पुसलं तरी ते जात नाही. स्क्रीनवर पांढरं पान उघडून डाग शोधा, स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडा म्हणजे बिजागरी कुरकुरते का ते कळेल, नोटपॅड उघडून प्रत्येक बटण एकदा दाबा. आणि बॅटरी रिपोर्ट मागाच. तो काढायला मिनिटही लागत नाही, तरी दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर सरळ दुसऱ्या दुकानात जा. थ्रीडी डिझाइन, मोठं व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग करायचं असेल तर असा आठव्या जनरेशनचा लॅपटॉप घेऊच नका, मी स्वतः अशा गिऱ्हाइकांना परत पाठवतो.

शेवटी पैसे परत करण्याबद्दल. परत घेण्याची मुदत सात दिवसांची आहे, ती बिलावर आणि काउंटरवरच्या पाटीवर आहे. तुम्ही महिन्याने आलात, आणि मशीनमध्ये दोष निघालेला नाही, त्यामुळे पूर्ण पैसे परत करता येणार नाहीत. उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकणार नाही असं वचन तुम्हाला एकट्याला रिव्ह्यूच्या भीतीने देणं बरोबर नाही. पण एवढं नक्की करीन: भाच्याला घेऊन या, तो सांगतोय तो आय७ मिळाला तर तोही आणा. दोन्ही शेजारी ठेवून मुलाचीच टॅलीची फाइल आणि लेक्चर लावून बघू. त्यानंतरही तुम्हाला हा लॅपटॉप नको वाटला तर त्या दिवशीच्या भावाने मी तो विकत घेईन, आणि तो भाव कसा काढला ते कागदावर लिहून देईन. बॅटरी बदलायचीच ठरवलीत तर ३,२०० मध्येच बदलेन, मजुरी घेणार नाही.

ग्रँट रोड स्टेशनला ईस्टला उतरलात की चालत येता येतं. रविवारी दुकान बंद असतं. येताना बिल आणि तो काळा अडॅप्टर सोबत आणा.