कोपरखैरणे वीसच्या रकान्यात का मावत नाही

नमस्कार. प्रतिक्रिया रोखठोक आहे, आवडली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रिंटएफने, म्हणजे ठरलेल्या साच्यात मजकूर छापणाऱ्या कमांडने, रकाने सरळ लावायची माझी युक्ती रोमन अक्षरांपुरतीच चालते, ट्रान्स-हार्बर लोकलची (ठाणे ते वाशी) स्टेशनं मराठीत टाकली की रांग वाकडीतिकडी होते. म्हणजे बॅशमधलं (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं) प्रिंटएफच बिघडलेलं आहे, आणि ते शिकवत बसण्यापेक्षा ‘पायथन घ्या नाहीतर कॉलम कमांड वापरा’ एवढं सांगून मी मोकळं व्हावं.

रांग मोडते हे खरं. बिघाड मात्र मला मान्य नाही.

तुमचीच यादी घेऊ. टक्का, उणे, वीस, एस असं लिहिलं की नावापुढे मोकळ्या जागा भरून रुंदी वीस केली जाते. पण वीस काय? पॉझिक्स या युनिक्स-लिनक्सच्या प्रमाणित नियमांप्रमाणे वीस बाइट, म्हणजे साठवणीची एककं, अक्षरं नव्हेत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण, मात्रा: १२ बाइट, म्हणून पुढे ८ जागा. ‘घणसोली’ १८, म्हणून २. ‘कोपरखैरणे’ तब्बल २७. त्याला एकही जागा मिळत नाही आणि गाडीची वेळ नावाला चिकटते. आता वैतागून फॉरमॅटमध्ये टिंब देऊन नाव २० वर छाटायला जाल, तर ‘कोपरखै’पर्यंत १८ बाइट होतात, उरलेले २ पुढच्या ‘र’चे तुटके येतात आणि टर्मिनल तिथे प्रश्नचिन्हाचा ठोकळा काढतो.

मग बाइट मोजायचेच कशाला? महापेच्या आमच्या ऑफिसातून रोज एक फाइल पुढच्या सिस्टिमकडे जाते. नाव पहिल्या ४० बाइटांत, रक्कम ४१ व्यापासून. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला काना-वेलांटीशी काही देणंघेणं नाही, तो बाइट मोजतो आणि कातरतो. तिथे कोणी अक्षरं मोजून जागा भरल्या की रक्कम सरकलीच म्हणून समजा.

रकमेपुढे शून्यं भरताना मात्र जपा. शून्याने सुरू होणारा आकडा बॅश अष्टमान, म्हणजे आठच्या पायावरचा, समजतो. ०८ दिलंत तर ‘अवैध अष्टमान संख्या’ म्हणून ओरडतो, आणि ०१० दिलंत तर काही न बोलता ८ धरतो. ही खरी खोड! हिच्यावर बोलला असतात तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं.

पायथनने तरी कुठे सुटतंय? तो ‘ठाणे’ची लांबी ४ धरतो. ‘ण’वरची मात्रा पडद्यावर स्वतःची जागा घेतच नाही, त्यामुळे पुढचा रकाना डावीकडे सरकतो. फरक कमी दिसतो, एवढंच.

लिनक्सवरची कॉलम कमांड चांगली आहे, ती पडद्यावरची रुंदी बघते. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर यादी लावायची असेल तर मीही तीच घेईन. पण सगळं इनपुट संपेपर्यंत ती तोंड उघडत नाही. चालू लॉगला, म्हणजे वाढत जाणाऱ्या नोंदींच्या फाइलला, नव्या ओळी दाखवत राहणारी टेल कमांड लावून ते कॉलममध्ये सोडून बघा, पडदा कोराच राहील.

तुम्हाला ओळ आली की लगेच छापायची असेल, तर ग्नूच्या (लिनक्सवर असते त्या) डब्ल्यूसी कमांडला कॅपिटल एल हा पर्याय द्या, ती मजकुराची पडद्यावरची रुंदी सांगते. २० मधून ती वजा करा, आधी नुसतं नाव छापा आणि मग उरलेल्या रुंदीची रिकामी स्ट्रिंग. फॉरमॅटमध्ये रुंदीच्या जागी फुली, म्हणजे स्टार, टाकला की आकडा बाहेरून देता येतो. दर ओळीला एक नवी प्रोसेस उघडते, त्यामुळे लाखभर ओळींना हे परवडणार नाही. ठाणे ते वाशीला काहीच हरकत नाही.

एवढं करूनही एखादं घर (पडद्यावरची एका अक्षराची जागा) हललं तर तीच यादी दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडा. काना आणि जोडाक्षरं किती घरांत काढायची यावर टर्मिनलांचं आपसात एकमत नाही. पहिल्यांदा ‘तुर्भे’ टाकून बघा, त्यात उकार, रफार आणि मात्रा तिन्ही आहेत.