भाडं भरून सिबिल वाढत नाही, तो मेसेज फॉरवर्ड करणं थांबवा

"दर महिन्याला भाडं आणि लाइट बिल वेळेवर भरता ना? मग ३ महिन्यांत सिबिल ७५० करून घ्या, खालच्या लिंकवर नाव नोंदवा." सिबिल म्हणजे कर्ज किती नीट फेडता त्यावरून मिळणारा स्कोअर, लोन देताना बघतात तो. हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर चारदा येऊन गेला, मी गप्प बसलो. काल मामेभाऊ तोच घेऊन माझ्याकडे आला. तो चाकणला कंपनीत आहे, आधी कधी कर्ज घेतलं नाही म्हणून बाइकचं लोन नाकारलं, त्यामुळे त्याला ते पटणारच.

हे लिहिणाऱ्याने महावितरणचं बिल कधी हातात घेतलंय का? त्यावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो, नाव-पत्ता असतो, मीटर नंबर असतो, पण पॅन कुठेय? भाऊ राहतो त्या खोलीचं बिल अजून घरमालकाच्या वडिलांच्या नावाने येतं, ते वारले तरी कुणी नाव बदललेलं नाही. म्हणजे पैसे हा भरणार आणि स्कोअर वाढणार कुणाचा, त्या आजोबांचा?

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या स्कोअर काढणाऱ्या चारही कंपन्या २००५ च्या कायद्याखाली चालतात आणि त्यांना नियमित हिशोब देतात ते कर्ज देणारे, म्हणजे बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या), कार्डवाले. तुमचा घरमालक त्यात नाही, महावितरणही नाही.

मेसेजमध्ये पुढे, "भाड्याचं ॲग्रीमेंट रजिस्टर केलं की सिबिलला आपोआप जातं" म्हणे. अहो ते दुय्यम निबंधकाकडे जातं. रजिस्टर जरूर करा, कायदाच आहे तसा, पण सिबिलचा काय संबंध?

"क्रेडिट कार्डने भाडं भरा." त्यात नोंद होते ती कार्डाच्या बिलाची, भाड्याची नाही, वर ॲपची फी वेगळी. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आरबीआयने पेमेंट ॲग्रीगेटरचे (ॲपवरून भरलेले पैसे पुढे पोचवणाऱ्या कंपन्यांचे) नियम कडक केल्यावर बऱ्याच ॲप्सनी ही सोयच बंद केली.

बरं, अगदीच हवेतलं नाहीये हे, मान्य. अमेरिकेत २०१९ पासून एक्स्पीरियन बूस्ट आहे, त्यात फोन-लाइटची बिलं धरतात, तिकडचे व्हिडिओ बघून कुणीतरी इकडे चिकटवलंय. आपल्याकडेही भाडं यूपीआयने दिलं तर बँक स्टेटमेंटमध्ये दिसतं आणि लोन देणारा ते बघू शकतो. पण तो स्कोअर नव्हे.

खरा राग मला त्या लिंकचा आहे. पॅन टाका, आधारचा फोटो टाका, ओटीपी सांगा आणि वर "नोंदणी फी" भरा. अरे, पॅन, आधार आणि ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात दिल्यावर उरलं काय? तुमच्या नावाने कुणी लोनचे अर्ज टाकले तर त्या प्रत्येकाची चौकशी तुमच्याच रिपोर्टात चढते आणि स्कोअर उलटा खाली येतो. भावाने फॉर्म अर्धा भरला होता, ओटीपीच्या पानावर थांबला म्हणून वाचला. स्वतःचा पूर्ण रिपोर्ट या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यांच्याच साइटवर, एजंट कशाला हवा?

आणि शेवटची थाप, "स्कोअर नसेल तर लोन द्यायचंच नाही असा नियम आहे." नियम नेमका उलटा आहे. आरबीआयच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशात म्हटलंय की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला निव्वळ क्रेडिट हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नका, अर्थ राज्यमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत लेखी उत्तरात हेच सांगितलं. बँक पगार वगैरे तपासणार, तो तिचा हक्क, पण कोरी पाटी हे एकच कारण चालत नाही.

भावाला म्हटलं, पगाराचं खातं आहे त्या बँकेत जा, लोकसभेतलं हे उत्तर दाखव, नाहीतर छोट्या एफडीवर मिळणारं कार्ड घे आणि त्याचं बिल पूर्ण भरत जा, त्याची नोंद खरोखर होते. त्या ग्रुपवर मी हेच टाकलं तर दोघांनी थम्सअप दिला आणि काकांनी खाली परत तीच लिंक चिकटवली.