मॉडेलर घ्या आणि साउंडचेक खा

गिटारिस्ट मंडळी, अभिनंदन! व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प, चार स्पीकरचं कॅबिनेट आणि पेडलबोर्ड असा सगळा जुना संसार मोडून तुम्ही डिजिटल मॉडेलर, म्हणजे या सगळ्यांच्या आवाजाची नक्कल करणारं एकच खोकं, घ्यायचं ठरवलंय, असं कळलं. कळलं म्हणजे काय, गेले कित्येक महिने तालमीत तुम्ही दुसरं काही बोलतच नाही. मी बेस वाजवतो. तुमच्या लेखी कॅबिनेटचं दुसरं हँडल धरणारा माणूस. त्यामुळे ते धूड जाणार याचा आनंद तुमच्यापेक्षा माझ्या कमरेला जास्त झालाय. त्या आनंदात, आणि परवाच्या कार्यक्रमात जे भोगलं त्याच्या जोरावर, चार उपयोगी गोष्टी सांगतो.

सुरुवात जुना ॲम्प मेला असं जाहीर करण्यापासून करा. तो घूं करतो ना? मग झालं तर! घूं करणाऱ्या ॲम्पचे फिल्टर कपॅसिटर बरेचदा म्हातारे झालेले असतात आणि ते १५-२० वर्षांनी बदलायचेच असतात. पॉवर ट्यूब झिजतात, नव्या बसवल्या की बायस (ट्यूबमधून किती करंट वाहतो त्याचं सेटिंग) तपासून घ्यायचा असतो. खरखरणाऱ्या नॉबला अनेकदा क्लीनरचा एक फवारा पुरतो. असलं काही कुणी सांगू लागलं तर कानात बोटं घाला. दुरुस्त होऊन आलेला ॲम्प विकवत नाही, आणि मग नवं खोकं घ्यायला निमित्त उरत नाही. (एक मात्र खरंच सांगतो: मागची फळी स्वतः उघडून आत हात घालू नका. आत ४००-५०० व्होल्ट असू शकतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात. गिटारिस्ट कितीही छळत असला तरी जिवंत हवा.)

मग अभ्यास. १९९८ मध्ये लाइन सिक्सचा लालभडक पॉड हा मॉडेलर आला. २००६ मध्ये फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स, २०११ मध्ये केम्परचा प्रोफायलर, २०१५ मध्ये हेलिक्स, २०२१ मध्ये क्वाड कॉर्टेक्स लोकांच्या हातात पडला. दर वेळी कुणी ना कुणी ट्यूबचे दिवस भरल्याची दवंडी पिटलीच. ट्यूब अजून विकल्या जातात. कोण घेतं कोण जाणे. तुम्ही खऱ्या ॲम्पची आणि मॉडेलरची तुलना करणारे सगळे व्हिडिओ बघून काढा, आणि तेही फोनच्या स्पीकरवर. एवढ्याशा स्पीकरमधून तुम्हाला 'ट्यूबचा ऊबदारपणा' ऐकू येतो, ही देणगी सगळ्यांना नसते.

मॅन्युअल वाचू नका.

आतल्या ॲम्पना ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे टोपणनावं दिलेली असतात. कुठल्या टोपणनावामागे कुठला ॲम्प दडलाय, हे तोंडपाठ करा. दुसऱ्या कडव्यानंतरची कॉर्ड विसरलात तरी चालेल.

प्रत्येक प्रीसेटमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या आवाजात, डाव्या कानातून उजव्या कानात उड्या मारणारा स्टिरिओ डिले (प्रतिध्वनी) हवाच. पीए, म्हणजे लोकांसाठीची स्पीकरव्यवस्था, मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) असला तर तो साउंडवाल्याचा प्रश्न.

आता मुख्य विधी. प्रीसेट नेहमी रात्री, घरचे झोपल्यावर, हेडफोन लावून, हळू आवाजात बनवायचे. यात तडजोड नको. माणसाचा कान हळू आवाजात खर्जातलं आणि अगदी टिपेतलं कमी ऐकतो, मधलं त्या मानानं बरं ऐकतो. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच याचे आलेख मांडून ठेवलेत. इलेक्ट्रिक गिटार तेव्हा नुकती कुठे बाजारात आली होती, म्हणजे ही काही आजची बातमी नाही. पण तुमच्यापर्यंत ती अजून पोचलेली नाही, हे उत्तम. कारण हळू आवाजात गिटार बारीक वाटते म्हणून तुम्ही बेस चढवता. चमक येईना म्हणून ट्रेबल चढवता. मिड्स नाकात बोलल्यासारखे वाटतात म्हणून ते खाली ओढता. आणि हेडफोनमध्ये काय भरदार लागतं! वा! रात्री दोन वाजता बँडच्या ग्रुपवर 'टोन सापडला' असा निरोप पडतो.

मग तोच टोन ड्रम्सच्या शेजारी, त्या दणदणाटात उघडायचा. चढवलेला खर्ज घुमायला लागतो. चढवलेली टीप कानात सुई खुपसते. आणि ज्या मधल्या पट्टीत गिटारनं राहायचं असतं ती तर तुम्ही रात्रीच कापून टाकलेली! गिटार गायब. मग तुम्ही म्हणता, 'मला मीच ऐकू येत नाहीये.' व्हॉल्यूम वाढतो. खर्ज आणखी घुमतो. आणि तिथे खाली कोण राहतं? मी राहतो. माझी जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, तुमची ८२ ला. त्याच्याखाली तुमचं काहीही काम नाही. कसलंही नाही. तिथे तुमचं जे काही घुमतंय ते नुसतं धपधप आहे, आणि ते माझ्या डोक्यावर बसतंय. लो कट नावाची, खालचा खर्ज कापणारी चीज त्याच खोक्यात आहे, ८०-१०० हर्ट्झच्या आसपास लावतात. हाय कट आहे, ५ ते ८ हजारांच्या मध्ये कुठेतरी लावून बघतात. हा गिटारवर अन्याय नाही, तुमचं ते जुनं धूड हेच काम फुकटात करत होतं! गिटारच्या स्पीकरला साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं वाजवताच येत नाही, म्हणून तर इतकं डिस्टॉर्शन त्यातून ऐकवतं. मेटॅलिका २०१३ मध्ये अंटार्क्टिकात वाजवून आली तेव्हा प्रेक्षकांनी हेडफोन लावून कार्यक्रम ऐकला होता. तुमचा प्रीसेट चालला असता तर तो तिथेच.

परवा काय झालं? आम्हाला साउंडचेकसाठी वेळ मिळाला होता. फार नाही, पण पाच जणांना पुरला असता. आमच्या गिटारिस्ट महाशयांनी केबल लावली, मंचावर ठेवलेल्या ॲम्पच्या पुढच्या इनपुटला. खोक्यातलं कॅबिनेट सिम्युलेशन चालूच. म्हणजे नकली कॅबिनेटमधून निघालेला आवाज खऱ्या ॲम्पच्या प्रीॲम्पमधून खऱ्या कॅबिनेटमध्ये. घोंगडीखालून कुणीतरी ओरडतंय असा आवाज आला. इथे सिम्युलेशन बंद करून ॲम्पच्या इफेक्ट्स लूपच्या रिटर्नमध्ये (प्रीॲम्प टाळून) केबल लावायची असते, किंवा ॲम्पचा नाद सोडून सरळ पीएला जायचं असतं. महाशयांनी काय केलं? आयआर (कॅबिनेटच्या आवाजाचा डिजिटल ठसा) बदलला. मग दुसरा. मग स्क्रीनवर चित्रातला माइक बोटानं इंच इंच सरकवत बसले. ५७ नंबरचा माइक ठेवू का रिबन माइक? स्पीकरच्या शंकूच्या मधोमध का कडेला? आणि तीन पावलांवर खराखुरा माइक हातात धरून आमची गायिका उभी होती. मॉनिटरमध्ये, म्हणजे मंचावरच्या स्पीकरमध्ये, तिला स्वतःचा आवाज हवा होता, एवढंच मागत होती. त्या माइककडे बघायला कुणाला वेळ नव्हता. साउंडवाला बिचारा गिटारचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेतोय, महाशय आवाज वर रेटतायत, तो पुन्हा खाली घेतोय. असं करता करता वेळ संपला. माणसं आत आली.

असो. मार्गदर्शन चालू होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फर्मवेअर अपडेट करा. बॅकअप घेऊ नका.

ऐन गाण्यात प्रीसेट बदला. बऱ्याच मशीनवर त्या क्षणी आवाजात भोक पडतं. एकाच प्रीसेटमध्ये सीन किंवा स्नॅपशॉट (त्याच प्रीसेटच्या वेगवेगळ्या जुळवण्या) करून ठेवले तर सहसा पडत नाही, पण मग 'ड्रमर घाई करतो' म्हणायची सोय उरत नाही.

क्लीनचा (न फाटलेला) आवाज सोलोच्या लीडपेक्षा मोठा ठेवा. सोलो आला की तुम्ही बुडाल, आणि साउंडवाला झोपला होता असं चारचौघांत सांगता येईल.

लेटन्सीची, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराची, तक्रार नेमानं करत चला. चांगल्या मॉडेलरला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे कॅबिनेटपासून मीटरभर लांब उभं राहिलं तरी तेवढाच उशीर होतो. मोठ्या मंचावर याच्या कितीतरी पट लांब उभे राहून तुम्ही वर्षानुवर्षं वाजवलंत, तेव्हा बोटांना काही जाणवलं नाही. आता जाणवतं. बोटं सुधारली असतील.

आणि 'यात जान नाही हो, ॲम्प शेजारी असल्यासारखं वाटत नाही' हे वाक्य विसरू नका. आयआर हा स्पीकरसमोर माइक ठेवून घेतलेला ठसा असतो, तेव्हा त्यातून माइकमधला आवाजच येणार. तुम्ही आजवर ॲम्प पोटऱ्यांना ऐकवलात, कान वर राहिले. लोक मात्र पहिल्यापासून माइकमधूनच ऐकत होते. तुमचा आवाज लोकांच्या कानांनी तुम्हाला आज पहिल्यांदा ऐकू येतोय, आणि तो आवडत नाहीये. दोष अर्थात मशीनचा.

मशीनचा! हेच ऐकायचं बाकी होतं. कार्यक्रम संपल्यावर महाशय म्हणतात, 'प्रोसेसर अजून सेट व्हायला वेळ लागेल, आणि आज पीए पण बेकार होता.'

बास झालं अहो-जाहो. ऐक आता.

पीए ठीक होता. मशीनही ठीक आहे. मला ते आवडलंय, एका पिशवीत मावतं आणि माझी कमर वाचते. तूच काही काम केलेलं नाहीस. जुन्या ॲम्पला तुझ्या सहा नॉब होते, गेन, बेस, मिडल, ट्रेबल, प्रेझेन्स, मास्टर, आणि त्यातला प्रेझेन्स काय करतो हे तुला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. सहाचा अभ्यास झाला नाही म्हणून तू शेकडो नॉब असलेलं यंत्र घेतलंस, आणि वाटलं की टोन खोक्यात भरून येतो! येत नाही बाबा. व्हिडिओत जो वाजवत असतो त्यानं ते यंत्र मोठ्या आवाजात घासलेलं असतं. तू रात्री बोटानं स्क्रीन घासलीस.

तालमीला येतोस ना? मग ते खोकं तिथे आण. ड्रमर मारतोय, मी वाजवतोय, अशा वेळी आवाज चढवून प्रीसेट लाव. मिड्स वर घे. एकट्यात ऐकलंस तर घाणेरडं वाटेल. वाटू दे, तू एकटा वाजवत नाहीयेस. गेन आहे त्याच्या निम्मा कर. रिव्हर्ब काढ, हॉलचा स्वतःचा असतो. एक क्लीन, एक क्रंच, एक लीड, आपल्या गाण्यांना तीन पुरतात. लेव्हल तिथेच जुळव, मीटर बघून नाही, आम्हाला विचारून. बॅकअप घे. पुढचा कार्यक्रम होईपर्यंत अपडेटला हात लावू नकोस. आणि त्या दिवशी काय करायचं? केबल लावायची, तिन्ही आवाज एकेकदा वाजवून दाखवायचे, 'ठीक आहे' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.

साउंडचेक ही तुझी प्रयोगशाळा नाही. तो सगळ्यांचा असतो आणि गाणाऱ्याचा आधी असतो. परवा ती सुरुवातीची सगळी गाणी स्वतःचा आवाज न ऐकता गायली. ऐकू येईना म्हणून ओरडून गायली, वरचे सूर चढले, शेवटच्या गाण्यापर्यंत घसा बसला. लोकांनी नावं कुणाला ठेवली? तुला? तुझं नावही कुणी घेतलं नाही, कारण तुझी गिटार कुणाला ऐकूच आली नाही! 'आज बाई बेसूर होती' असं माझ्या कानावर पडलं, तिच्याही पडलं असणार. आणि तू सामान आवरताना तिला काय दाखवत होतास, तर नवा रिव्हर्ब.

आधी तिला फोन कर. तो नवीन आयआर पॅक नंतर उतरव.