'पुण्यात बसून': 'सुज्ञ मतदार' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'सुज्ञ मतदार' या नावाने लिहिणारे साहेब (की बाई? नावच नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही),

सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या आमच्या गटातून जिल्हा परिषदेला उभ्या राहिलेल्या एका ताईंच्या पारावरच्या सभेबद्दल मी मागे लिहिलं. निवडून आल्यावर आधी काय आणि नंतर काय, हे त्यांनी सरळ सांगितलं होतं. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर आणि नर्स, मग शाळांच्या आहेत त्याच खोल्यांची दुरुस्ती, मग गटात होणाऱ्या प्रत्येक कामाची रक्कम ग्रामपंचायतीच्या फलकावर. सभामंडप आणि स्वागतकमानी सगळ्यात शेवटी, उरलं तर. मला हा क्रम पटला, म्हणून तसं लिहिलं. त्यावर आपण प्रतिक्रियेत जे लिहिलंत ते इतरांच्या सोयीसाठी इथे देतो: "रस्ता धड नाही तर दवाखान्यात जाणार कसे? जिल्हा परिषदेकडे पैसा आहे कुठे? ताई तुमच्या भावकीतल्या म्हणून ही आरती. पाण्याबद्दल एक अक्षर नाही. पुण्यात बसून गावाला शहाणपण शिकवू नका."

मतभेदाचं मला वावडं नाही. इथे नियमित येणाऱ्यांना ते माहीत आहे. ऊसदरावर लिहिलं तेव्हा लोकांनी मला सोलून काढलं होतं, त्यातली एकही प्रतिक्रिया मी उडवली नाही. पण 'आरती' काय, 'शहाणपण शिकवू नका' काय! आपण समोरासमोर बसलो असतो तर ही भाषा वापरली असती का? टोपणनाव घेतलं की जिभेला हाड राहत नाही, हा अनुभव नवा नाही, तरी दर वेळी लागतोच.

तर, 'पुण्यात बसून'.

हो, मी पुण्यात राहतो. माण तालुक्यातली निम्मी घरं पुण्यामुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली आहेत. कोणी माथाडी झालं, कोणी गिरणीत गेलं, कोणी माझ्यासारखं शिकून नोकरीला लागलं. दुष्काळाने ज्यांना बाहेर काढलं त्यांनी गावाबद्दल बोलायचं नाही, हा नियम कोणी केला? जत्रेची वर्गणी घ्यायला मंडळी हडपसरला येतात तेव्हा 'तुम्ही आपलेच' असतो. देवळाच्या कळसाला पैसे लागतात तेव्हा 'तुम्ही आपलेच' असतो. फक्त दवाखान्याबद्दल लिहिलं की आम्ही पुण्याचे.

आणि मी कुठून बोलतो तेही ऐका. माझी आई एएनएम होती, म्हणजे जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रातली परिचारिका. गावात तिला कोणी त्या नावाने हाक मारली नाही, ती 'नर्सबाई'. माझं लहानपण उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये गेलं, जिथे पावसाळ्यात छताचा गिलावा कॉटवर पडायचा म्हणून कॉट खोलीच्या मधोमध ओढलेली असायची. लसीकरणाच्या दिवशी निळा डबा आणायला ती मला बरोबर घ्यायची. त्यात बर्फाच्या चार चपट्या बाटल्या, मध्ये लसी. बाटली कानाजवळ हलवून बघायची, आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. नुसता दगडासारखा बर्फ असला की काही लसी गोठून वाया जातात. हे मला चौथीत असताना कळत होतं. तो डबा मांडीवर घेऊन यष्टीत बसायचो आणि कंडक्टर दर वेळी विचारायचा, "काय रे, कुल्फी का?" जिल्हा परिषद म्हणजे काय हे मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही वाचलं. ती आमच्या घरात राहत होती, आणि तिचा पगार दोन-दोन महिने उशिरा यायचा.

आई निवृत्त झाली तोवर नवी इमारत झाली होती. फरशी, रंग, बाहेर नावांची कोनशिला. कोनशिलेवर किती नावं होती ते सांगत नाही, पण आत काम करणाऱ्यांपेक्षा जास्त होती. मुद्दा हाच होता, जो ताईंनी मांडला आणि तुम्हाला आरती वाटला. इमारतीला उद्घाटन असतं, फोटो असतो, ठेकेदार असतो. रात्रपाळीच्या नर्सला यातलं काहीच नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्राला वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं असतात. ती भरलेली आहेत का, भरली असतील तर माणूस मुख्यालयी राहतो का, रुग्णवाहिकेला डिझेल आणि चालक आहे का, हे विचारणारा सदस्य मला हवा आहे. सदस्य डॉक्टर नेमू शकत नाही, हे मलाही कळतं. पण आरोग्य समितीत आणि सर्वसाधारण सभेत उभं राहून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना तोंडावर विचारू तरी शकतो. मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदेवर प्रशासक आले, तेव्हापासून तेवढं विचारणाराही कोणी नव्हता. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं नसतं तर आजही तेच चाललं असतं.

रस्त्याचं म्हणाल, तर माझ्या चुलतभावाच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. जवळच्या एका आरोग्य केंद्रात नेलं तर प्रसूतिगृहाला कुलूप. तिथून पुढे, तिथूनही पुढे, शेवटी खाजगीत. बाळ-बाळंतीण सुखरूप, बिलाचं विचारू नका. गाडी कुठे अडली? कुठेच नाही. रस्ता झकास होता, नुकतंच डांबर पडलं होतं. आणि तुम्ही ज्या खड्ड्यांच्या रस्त्याबद्दल तळतळून बोलताय तो प्रमुख जिल्हा मार्ग आहे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचा. जिल्हा परिषदेकडे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग येतात. तीस-चोपन्न आणि पन्नास-चोपन्न ही रस्त्यांच्या निधीची लेखाशीर्षं पारावर बसणाऱ्या पोरांनाही पाठ असतात. सुज्ञ मतदाराला रस्ता कोणाचा एवढं तरी ठाऊक असावं, ही अपेक्षा जास्त नाही.

पैशाचं एका परिच्छेदात उरकतो. पैसा कमी आहे, म्हणूनच तर आधी काय हे ठरवावं लागतं! केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा ऐंशी टक्के वाटा ग्रामपंचायतींना, दहा पंचायत समितीला, दहा जिल्हा परिषदेला होता. तो दहा-दहाचा वाटाही निवडून आलेली मंडळी नाहीत म्हणून अडकला. उरला स्वनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न, ज्याला सगळे सेस म्हणतात. त्यातले वीस टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा महिला-बालकल्याणाला, पाच दिव्यांगांना बांधलेले. जिल्हा नियोजन समितीचा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वाटला जातो, आणि सभामंडपांना आमदारांच्या शिफारशीने ग्रामविकास खात्याच्या पंचवीस-पंधरा या लेखाशीर्षातून मिळतोच. मग जिल्हा परिषदेच्या सदस्याने स्वनिधीतून आणखी एक कमान का बांधावी? याच जिल्ह्यातल्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १ मे १९६२ ला, जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या कमानी बांधायला नाही.

भावकी. हो, भावकी आहे. माण तालुक्यात माझ्या भावकीत किंवा सोयरिकीत नाही असा उमेदवार दाखवा, जेवण माझ्याकडून. समोरच्या पॅनेलचे जे आहेत त्यांच्या आत्या आमच्या वाड्यात दिलेल्या आहेत. पुढे बोलायचं का?

पाण्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि बरोबर आहे तर बरोबर म्हणायला मला कमीपणा वाटत नाही. सभेत पाण्यावर काही नव्हतं, पत्रकातही नाही. माणमध्ये मतं मागायला उभं राहायचं आणि पाण्यावर गप्प बसायचं, हे मलाही खटकलं. शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव आणि बंधारे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, तेव्हा 'तो राज्याचा विषय' म्हणून ताईंना सुटता येणार नाही. हे मी त्यांना फोनवर सांगितलं आहे. हा एवढा एकच मुद्दा लिहिला असतात, बाकीची चार वाक्यं गाळून, तर मी तुम्हाला धन्यवाद दिले असते.

मतदानाला मी येतो की नाही, असंही तुम्ही दुसऱ्या प्रतिक्रियेत विचारलंय. तो विषय वेगळा आहे, इथे नको.

ताईंसमोर जे दोघे उभे आहेत त्यांनाही मी हेच विचारलं आहे: आधी काय, नंतर काय, आणि पैसा कशातून. एकाने 'निवडणुकीनंतर निवांत भेटू' असं कळवलं. दुसऱ्याने मेसेज बघितला, निळी खूण आली, पुढे काही नाही. उत्तर आलं की काटछाट न करता छापीन, मग त्यात आरोग्य केंद्र पहिलं असो की कमान. तुमच्या भाषेवरून तुमचं या दुसऱ्यांकडे जाणं-येणं असावं असा माझा अंदाज आहे. तर जरा आठवण करून द्या. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली स्वतःचं नाव टाका, मी माझ्या नावाने लिहितो तसं.