विज्ञान प्रदर्शनात हमखास नंबर काढायचाय?

मुलाचं नाव विज्ञान प्रदर्शनात घातलंत? अभिनंदन. आता मुलाला बाजूला बसवा, त्याची लुडबुड नको.

विषयावर डोकं शिणवू नका. पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन नुसतं ‘स्मार्ट डस्टबिन’ म्हणा. आर्डुइनो (सेन्सर-मोटर चालवणारं छोटं सर्किट बोर्ड), सेन्सर, मोटर, सगळं एका पिशवीत मिळेल. पुढच्या वर्षी तोच सेन्सर अंधांच्या काठीला चिकटवायचा.

फ्लेक्स टेबलापेक्षा मोठा हवा.

भाषण ‘गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड सर अँड मॅडम’पासून घोटून घ्या. मध्येच कुणी प्रश्न विचारला तर पुन्हा गुड मॉर्निंगपासून.

आणि काहीही झालं तरी खरा प्रयोग करू नका. माझ्या सातवीतल्या भाचीने हा गाढवपणा केला. खडकवासला धरणाचं पाणी आणलं, विठ्ठलवाडीजवळून मुठा नदीचं आणलं (त्या वासासकट, रिक्षातून), तुलनेला घरच्या नळाचं घेतलं. प्रत्येक वाटीत मोजून तेवढेच मूग. रोज सकाळी दात घासायच्या आधी पट्टी घेऊन मोड मोजायचे आणि वहीत लिहायचे. शेवटी मोडांत फरक काही दिसला नाही. पोरीने तसंच लिहिलं. वर हेही लिहिलं की, मोड येताना मूग स्वतःत साठवलेल्या अन्नावरच वाढतो, म्हणून फरक दिसला नसेल. रोपं मोठी करून पुन्हा बघायला हवं.

परीक्षक म्हणाले, “फरकच नाही? मग प्रोजेक्ट काय झाला? आकडे थोडे इकडेतिकडे करायचे ना बाळ.”

बाळ! वही उघडलीसुद्धा नाही हो. शेजारच्या टेबलावर मात्र साहेबांचं पोट सेन्सरसमोर आलं की डस्टबिनचं झाकण उघडायचं, आणि साहेब खूश. “हे कसं चालतं?” मुलगा गप्प. मागून वडील: “अल्ट्रासॉनिक, सर! चाळीस किलोहर्ट्झ!” पहिला नंबर. भिंतीवर हार घातलेला सी. व्ही. रामन यांचा फोटो. त्या माणसाने १९२८ साली सूर्यप्रकाश, रंगीत काचा आणि स्वतःचे डोळे एवढ्यावर शोध लावला. आपल्याकडे आला असता तर फ्लेक्स नाही म्हणून उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नसतं.

अहो, तुम्ही परीक्षक आहात ना? बारा वर्षांच्या मुलीला खोटे आकडे लिहायला शिकवता? तिने जे केलं त्यालाच विज्ञान म्हणतात, झाकण उघडण्याला नाही. वेळ नसेल तर येऊ नका. शाल-श्रीफळ घरपोच पाठवतील. आणि बाबा लोकहो, तुम्ही आधी त्या टेबलामागून हला. स्पर्धा चौदा वर्षांखालच्यांची आहे.