हात हलला तिथे ट्यूमर? नेमकं उलट

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा निरोप तिसऱ्यांदा आला: 'ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशनात पेशंटला जागं ठेवून मेंदूला शॉक देतात. वेदनेने हात झटकला की तिथे ट्यूमर. एमआरआय असताना हा छळ कशाला?'

वेदनेपासून सुरू करू. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते डोक्याच्या कातडीला आणि मेंदूच्या आवरणाला, आणि ते आधी बधिर करतात. 'शॉक' म्हणाल तर काही मिलिअँपिअरचा (अँपिअरचा हजारावा भाग). मानसोपचारातल्या शॉकचा आकडा शेकड्यांत असतो. कॅनडात माँट्रियलला मेंदूचे सर्जन पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी बोल्ड्री यांनी करंट देऊन केलेल्या अशाच चाचपणीतून शरीराचा मेंदूवरचा नकाशा १९३७ साली छापला. पेनफिल्डचे जागे रुग्ण सांगत, हात मी हलवला नाही, तुम्ही हलवलात. कळवळून झटकलेल्या हाताबद्दल कोणी असं बोलत नाही.

जागं ठेवणंही दरवेळी लागत नाही. भाषेच्या भागासाठी लागतं. हाताची ताकद पूर्ण भुलीतही तपासता येते. मेंदूला करंट देतात आणि स्नायूंत बारीक सुया टोचून पडद्यावर त्यांची लाट बघतात. फक्त स्नायू सैल करणारं औषध तेव्हा चालू नको, नाहीतर लाट उमटणारच कशी?

आता मुख्य घोळ. अंगठा उचकला की सर्जन त्या जागी आकडा लिहिलेला कागदाचा कपटा ठेवतो. अर्थ: इथे कापायचं नाही! खोलात गेल्यावर ढोबळ हिशेब असा, की १ मिलिअँपिअर म्हणजे साधारण १ मिलिमीटर. दहाला हात उत्तर देतोय, तर हाताकडे जाणाऱ्या तंतूंचा जुडगा सेंटीमीटरभर दूर. तीनलाच देऊ लागला की सर्जनने हात आखडता घ्यायची वेळ.

एमआरआयमध्ये हाताचा भाग उलट्या ओमेगासारखा (ग्रीक अक्षर Ω) दिसतो, हे खरं. पण गाठ त्याला ढकलते, आणि कवटी उघडून पाणी निघालं की मेंदू जागचा सरकतो. फोटो सकाळचा, कापणं दुपारचं. आठ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासांचा २०१२ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात कायमचं गंभीर अपंगत्व चाचपणीशिवाय ८.२ टक्के, चाचपणीसह ३.४ टक्के आढळलं. कोणाची चाचपणी करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली तुलना नव्हती ती, एवढं मात्र ध्यानात घ्या.

खरा धोका निरोपात नाहीच. करंटने फिट येऊ शकते. म्हणून बर्फगार सलाइन हाताशी ठेवतात. फिट सुरू झाली की तेच मेंदूवर ओततात.